वाटणीच्या कागदात आई-वडील कुठे असतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

धाराशिव तालुक्यातले बेंबळी हे माझे गाव. आयुष्यभर शिक्षकाची नोकरी केली. अक्षर बरे आणि ऐकलेले पोटात ठेवणारा माणूस, अशी ख्याती असल्यामुळे गावातली माणसे पत्रे, अर्ज आणि वाटणीची 'याद' माझ्याकडूनच लिहून घेत. याद म्हणजे चार जाणत्या माणसांसमोर साध्या कागदावर केलेली वाटणीची नोंद. अशा किती यादी मी लिहिल्या, त्याचा हिशेब ठेवला नाही. एक मात्र विसरता येत नाही. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

1996 च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांनी सांगावा धाडला. तीन मुलगे, तिघांची लग्ने झालेली. दोन मुली सासरी नांदत होत्या. पंधरा एकर कोरडवाहू जमीन. चुली वेगळ्या करायचे ठरले होते. माळवदाच्या घरात घोंगडी अंथरली होती, मी मांडीवर पाटी घेऊन लिहीत होतो. प्रत्येकाला पाच एकर. विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाची किती दिवस. बांधावरचा आंबा तिघांत सामाईक. बैलजोडी थोरल्याला, त्याच्या बदल्यात मधल्याला म्हैस, धाकट्याला रस्त्याकडेचे दोन खण. कडब्याच्या गंजीपासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळे कागदावर आले.

शेवटी मी विचारले, "आन् काका-काकूंचं काय लिहू?"

थोरला हसून म्हणाला, "त्ये काय लिव्हायचं असतंय का गुरुजी? आमचेच मायबाप हायेत की."

काकांनी मान हलवली. बसलेल्यांपैकी कोणालाच त्यात काही गैर वाटले नाही. मलाही वाटले नाही. मी तारीख घातली, सह्या-अंगठे घेतले आणि चहा पिऊन घरी आलो. त्या कागदात आंब्याच्या झाडाची सोय होती, काका-काकूंची नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला वीस वर्षे लागली.

काका 2008 साली गेले. सातबारा तोवर त्यांच्याच नावावर होता. वारसनोंद झाली आणि काकू, तीन मुलगे, दोन मुली अशी सहा नावे लागली. पण मुलांना सोसायटीचे पीककर्ज काढायचे होते आणि सहा जणांच्या सह्या दरवेळी गोळा करणे अवघड होते. म्हणून 2009 च्या दिवाळीनंतर सगळेजण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेले. मुलींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले आणि त्याच कागदावर काकूंनीही अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून त्यावर माझी सही आहे. येताना मुलींना साड्या घेतल्या, काकूंना लुगडे घेतले आणि बसस्टँडवर सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली. कोणाच्या मनात कपट नव्हते. आनंदात झालेले काम होते.

पाळीवर आलेली आई

पुढे काय झाले ते कोणत्याही गावात घडते तसेच झाले. काकू चार-चार महिने एकेका मुलाकडे राहू लागल्या. धाकटा पुण्याला कंपनीत लागला, दोन खोल्यांत राहायचा. त्याची पाळी आली की काकू तिसऱ्या मजल्यावर कोंडल्यासारख्या व्हायच्या, आठ दिवसांत गावाकडे परत यायच्या. मग गावातले दोघे म्हणायचे, पाळी तर त्याची आहे. त्यातच 2015 आणि 2016 चा दुष्काळ आला. त्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपल्याला आठवत असेल. पाच एकर कोरडवाहूवर सोयाबीन घेणाऱ्या माणसाच्या हाती त्या दोन वर्षांत काय लागले असेल, ते शेतकऱ्याला सांगायला नको. काकूंच्या गोळ्यांचे पैसे कोणी द्यायचे, यावरून जावा-जावांत बोलाचाली होऊ लागल्या. मुले वाईट नव्हती. ओढाताण खरी होती. पण ओढाताणीत जे कागदावर असते ते आधी भागवले जाते आणि जे कागदावर नसते ते मागे राहते. सोसायटीचा हप्ता कागदावर होता. आई कागदावर नव्हती.

2017 साली थोरली मुलगी येऊन काकूंना आपल्या सासरी घेऊन गेली. ज्या मुलीने साडी-चोळीवर हक्क सोडला होता, तिनेच आईला नेले.

मी तिन्ही भावांना एकत्र बसवले आणि म्हणालो, "बाबांनो, आईचा खर्च तरी तिघांनी वाटून घ्या." मधला शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच तर याद लिव्हली व्हती. कागद काढा. त्यात आईचं काय लिव्हलंय, तसं करू."

तो मला टोमणा मारत नव्हता. तो खरोखरच कागद मागत होता. मी घरी येऊन रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून धाराशिवला वकिलांकडे, कचेरीत जाऊन या विषयाची माहिती गोळा करू लागलो. ती आपल्यापुढे ठेवतो.

काकूंचे किती होते?

पहिली गोष्ट मला कळली ती ही, की काकू कोणाच्या दयेवर नव्हत्याच. जमिनीत त्यांचा स्वतःचा हिस्सा होता आणि तो त्यांनी अंगठ्यासरशी सोडून दिला होता.

आपल्याकडे समज असा की, बापाची जमीन मुलांची, आईला फक्त अन्नवस्त्र. कायदा तसे म्हणत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्याच एका आईने हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरवून घेतले आहे. सांगलीकडच्या खंडाप्पा मगदूम यांचे 1960 मध्ये निधन झाले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिराबाईंनी 1962 मध्ये सांगलीच्या न्यायालयात दावा लावला आणि मिळकतीचा 24 भागांपैकी 7 भाग हिस्सा मागितला. हिशेब असा. खंडाप्पा मरणापूर्वी वाटणी करते, तर ते स्वतः, पत्नी आणि दोन मुलगे असे चार वाटे पडले असते. म्हणजे हिराबाईंचा स्वतःचा एक चतुर्थांश. शिवाय खंडाप्पांचा जो एक चतुर्थांश, तो त्यांच्या सहा वारसांत वाटला जाऊन हिराबाईंना त्यातला सहावा भाग, म्हणजे एकूण मिळकतीचा चोविसावा भाग. दोन्ही मिळून 24 पैकी 7. खालच्या न्यायालयाने त्यांना फक्त चोविसावा भाग दिला. उच्च न्यायालयाने पूर्ण मागणी मान्य केली. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल 1978 मध्ये हरला. 'गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम' या नावाने हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तो लिहिला आहे.

त्यानंतर मुलींचा हक्कही वाढला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला मुलाइतकाच वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला. 2005 मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. रजिस्टर न केलेली घरगुती याद मुलींचा हा हक्क सहसा अडवू शकत नाही. तेव्हा आमच्या काकूंचा हिशेब आजच्या कायद्याने मांडला, तर जमीन वडिलोपार्जित धरा की काकांची स्वकष्टार्जित, सहाही वारसांना सारखाच सहावा हिस्सा येतो. पंधरा एकरांत अडीच एकर. ही अडीच एकर काकूंच्या नावावर राहिली असती आणि त्यांनी ती मुलांपैकीच कोणाला बटईने दिली असती, तर धान्य घरात आले असते आणि गोळ्यांसाठी हात पसरावा लागला नसता. त्यांच्या मागे ती लेकरांनाच मिळाली असती. हक्कसोड करताना हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगण्याची पहिली जबाबदारी साक्षीदाराची, म्हणजे माझीच होती.

नाव गेले की काय काय जाते

सातबाऱ्यावरून नाव जाणे म्हणजे फक्त जमीन जाणे नव्हे. सोसायटीचे सभासदत्व, पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान हे सगळे खातेदाराला मिळते. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाला 6000 रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6000 रुपये जमीनधारक शेतकऱ्याच्या खात्यावर येतात. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही. दवाखान्याचे भाडे आणि गोळ्या त्यात निघतात. नाव गेले की हा ओघ बंद. मग उरते श्रावणबाळ योजनेचे मानधन, आज दरमहा 1500 रुपये. तेही 65 वर्षे वय आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर.

मग आई-बाप जिवंतपणी जमीन नावावर का करून देतात? ते भोळे असतात म्हणून नव्हे. मुलाला कर्ज हवे असते. शासनाच्या योजनेत विहीर किंवा ठिबक हवे असते. आणि आमच्या मराठवाड्यात सर्वांत मोठे कारण म्हणजे सोयरीक. मुलगी पाहायला गेले की पहिला प्रश्न येतो, "पोराच्या नावावर किती आहे?" बापाच्या नावावरची जमीन तिथे मोजली जात नाही. पोराचे लग्न अडू नये म्हणून बाप सगळे त्याच्या नावावर करतो. त्यामुळे 'जमीन देऊच नका' हा उपदेश मी करणार नाही. तो पाळता येणारा नाही. प्रश्न आहे तो देताना काय लिहायचे, किती ठेवायचे, याचा.

2007 चा कायदा काय देतो

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी संसदेने 2007 मध्ये स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे. सर्व धर्मांच्या लोकांना तो लागू आहे. ज्या आई-वडिलांना स्वतःच्या उत्पन्नावर भागवता येत नाही, त्यांना मुलगा, मुलगी, सज्ञान नातू किंवा नात यांच्याकडे चरितार्थाची रक्कम मागता येते. मूलबाळ नसलेल्या साठीपुढच्या माणसाला, ज्याच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा ज्याला ती पुढे मिळणार आहे, अशा पुतण्या-भाच्याकडेही मागता येते.

अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. बेंबळीच्या माणसाने धाराशिवला. स्वतः जाता येत नसेल तर अधिकार दिलेला दुसरा माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते. आधी समेटाचा प्रयत्न होतो. नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी 30 दिवस. रक्कम दरमहा 10 हजार रुपयांपर्यंत ठरवता येते. आदेश मोडला तर वसुलीचे वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. निकाल मान्य नसेल तर आई-वडिलांना 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. म्हाताऱ्या माणसाला सोडून देणे हा गुन्हा आहे, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहितीसाठी 14567 हा ज्येष्ठांचा मोफत दूरध्वनी आहे.

याच कायद्याचे 23 वे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. ज्येष्ठ नागरिकाने आपली मिळकत 'माझा सांभाळ करशील' या अटीवर दुसऱ्याला दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर फसवून घेतलेले समजून रद्द करता येते. पण अट कुठे असली पाहिजे? यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सामान्य माणसाने माहीत करून घ्यावेत.

पहिला डिसेंबर 2022 चा. हरियाणातल्या एका आईने आपल्या मुलींच्या नावे हक्कसोड केली होती. नंतर सांभाळ होत नाही म्हणून तिने ती रद्द करून मागितली. न्यायालयाने म्हटले, देताना सांभाळाची अट घातली होती हे दिसत नाही, नुसते प्रेमाने दिले असेल तर हे कलम लागत नाही. आई हरली. दुसरा 2 जानेवारी 2025 चा, मध्य प्रदेशातल्या छतरपूरचा. तिथल्या आईने मुलाला बक्षीसपत्र करून दिले आणि त्याच वेळी मुलाने, मी आईचा सांभाळ करीन, असे वचनपत्र लिहून दिले होते. न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे असे म्हटले आणि मालमत्ता आईला परत दिली.

दोन्ही आयांची अडचण सारखीच होती. फरक एका कागदाचा होता. आमच्या काकूंच्या 2009 च्या हक्कसोडपत्रात अशी एक ओळ जरी असती, तरी 2017 मध्ये माझ्या हातात काहीतरी असते.

अर्ज करणारी आई कुठे आहे?

तरीही मी काकूंना म्हणालो, "चला, प्रांताकडे चरितार्थाचा अर्ज तरी करू." त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोटच्या लेकरांवर कागद करू व्हय? गावात तोंड कसं दाखवू?" मी खूप समजावले. त्या उठल्या नाहीत. या कायद्याची खरी अडचण इथे आहे. तो तक्रार मागतो, आणि आई तक्रार करत नाही.

म्हणून काही ठिकाणी वेगळे प्रयत्न झाले. आसाम सरकारने 2017 मध्ये कायदा करून, आई-वडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारातून 10 टक्के रक्कम कापून त्यांना देण्याची तरतूद केली. आपल्या शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने नोव्हेंबर 2020 मध्ये ठराव करून 30 टक्के कपात ठरवली आणि त्या डिसेंबरपासून ती अमलातही आणली. ज्यांचे पगार कापले गेले, त्यांत शिक्षकही होते. हे वाचले तेव्हा शिक्षक म्हणून माझी मान खाली गेली. पण ज्याला पगारच नाही, ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे, त्याचे काय कापणार? तिथे उपाय एकच. भांडण व्हायच्या आधी, सगळे हसतखेळत बसलेले असताना, वाटणीच्याच दिवशी आई-वडिलांचे लिहून ठेवायचे. त्या दिवशी आईला तक्रार करावी लागत नाही आणि मुलांनाही ते ओझे वाटत नाही.

मुलगी आणि सून

मुलींविषयी दोन शब्द. मुलगी सासरी गेली म्हणजे आई-वडिलांच्या जबाबदारीतून सुटली, हेही खरे नाही. एका वडिलांनी कल्याणला डॉक्टर असलेल्या आपल्या विवाहित मुलीकडे पोटगी मागितली होती. ती जबाबदारी फक्त मुलांची, असा बचाव तिने केला. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये तो फेटाळला आणि ऐपत असलेल्या विवाहित मुलीवरही आई-वडिलांचा भार आहे, असे सांगितले. आता हक्क सारखा झाला, तेव्हा कर्तव्यही सारखे झाले. पण आमच्याकडे उलटे चालते. बहिणीने हक्क सोडावा अशी अपेक्षा असते आणि आई अंथरुणाला खिळली की पहिला फोन बहिणीलाच जातो. बहिणीकडून हक्कसोड घेणाऱ्या भावाने निदान एवढे लक्षात ठेवावे की, तिने सोडलेल्या हिश्श्याबरोबर आई-वडिलांचा तिचा भारही त्याने उचलला आहे.

आणि सून. हात धरून न्हाणीपर्यंत नेणारी, पथ्याचे करणारी बहुतेक घरांत सूनच असते. 2007 च्या कायद्याच्या 'मुले' या व्याख्येत ती नाही. तिच्यावर कायद्याने भार नाही आणि तिच्या कष्टाची नोंदही नाही. तेव्हा जिच्या घरी म्हातारी माणसे राहतात, तिला इतरांनी खर्च द्यावा आणि शेवटच्या वाट्यात तिचे माप थोडे जास्त टाकावे, हा न्याय आहे. पूर्वी काही घरांत म्हातारा-म्हातारीचा वाटा वेगळा ठेवत आणि जो शेवटपर्यंत सांभाळील त्याला तो जाई. जुन्या माणसांना कायदा ठाऊक नव्हता, पण व्यवहार ठाऊक होता.

मग लिहायचे काय?

आता कोणी यादीसाठी बोलावले तर मी आधी पुढील गोष्टी विचारतो.

एक, आई-वडिलांचा वाटा वेगळा ठेवला आहे का? वाटणीत आईलाही मुलाइतका वाटा येतो. तो त्यांच्या नावावर राहू द्या. कसायला मुलांनाच द्या. वडील गेले की आईकडून घाईने हक्कसोड घेऊ नका.

दोन, त्यांनी राहायचे कुठे? ज्या खोलीत ते राहतात ती दोघे हयात असेपर्यंत त्यांचीच, ती कोणी विकणार नाही की रिकामी करायला सांगणार नाही, असे लिहा.

तीन, दरमहा रक्कम. कोणी किती, कोणत्या तारखेला, आई-वडिलांच्या बँक खात्यावर. हातात देऊ नये. हातात दिलेले पैसे दिले की नाही, यावर पुढे वाद होतो. बाहेरगावी असलेल्याने जागेच्या ऐवजी पैशाचा वाटा जास्त उचलावा.

चार, दवाखाना. नेहमीच्या गोळ्या कोणाकडे आणि मोठा खर्च आला तर कोणी किती टक्के, हे आधीच ठरवा. ऑपरेशनच्या दारात ठरवायला बसू नये.

पाच, जमीन किंवा घर बक्षीसपत्राने, हक्कसोडीने द्यायचेच असेल, तर 'सांभाळाच्या अटीवर दिले आहे आणि सांभाळ न केल्यास परत घेण्याचा हक्क राखून ठेवला आहे' अशी स्पष्ट ओळ त्याच दस्तात घाला. साध्या कागदावरची याद मनाला बांधते, कचेरीत तिचा फारसा उपयोग होत नाही. वाटणीपत्र रजिस्टर करा, किंवा सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या 85 व्या कलमाखाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करा.

सहा, मृत्युपत्र. बक्षीसपत्र केले की वस्तू त्याच दिवशी हातची जाते. मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होते आणि जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणे सक्तीचे नाही पण केलेले बरे. साक्षीदार ज्याला मिळकत मिळणार तो नसावा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. मिळकत आधी पत्नीला आणि तिच्यानंतर मुलांना, हा क्रम ठेवणाऱ्या माणसाची पत्नी पाळीवर येत नाही.

शेवटचे दोन कागद

काकूंचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. 2017 च्या पाडव्याला मी तिन्ही भाऊ आणि दोन्ही बहिणी यांना त्याच माळवदात बसवले. 1996 ची याद वाचून दाखवली आणि म्हणालो, "यात माझी चूक राहिली आहे, ती मला दुरुस्त करू द्या." कोणावर ठपका ठेवला नाही. मग लिहिले, की आई थोरल्या मुलीकडे राहील, तिन्ही भाऊ दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम आईच्या खात्यावर भरतील, दवाखान्याचा खर्च तिघांत सारखा आणि बांधावरच्या आंब्याचे उत्पन्न पूर्ण आईचे. मधल्याने सगळ्यात आधी सही केली. पुढच्या चार वर्षांत एक-दोनदा हप्ते मागेपुढे झाले, पण बुडाले नाहीत. काकू 2021 मध्ये लेकीच्या घरी गेल्या. तिघेही मुलगे खांद्याला होते. हाच कागद 1996 मध्ये झाला असता तर मधली आठ वर्षे त्या बोचके घेऊन दारोदार फिरल्या नसत्या. ही खंत माझी मला आहे.

दुसरा कागद माझा. मला एक मुलगा, एक मुलगी. मुलगा पुण्यात, मुलगी लातूरला. मागच्या वर्षी मी मृत्युपत्र केले, दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केले आणि दिवाळीत सगळे जमले तेव्हा मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या दोघांपैकी मागे राहील त्याच्या हयातीपर्यंत सगळे त्याचे, नंतर दोघा मुलांना सारखे आणि जो सांभाळील त्याला राहते घर जास्तीचे. दर महिन्याचे काय ते वेगळ्या कागदावर, सर्वांच्या सह्यांनी.

मुलाचा चेहरा उतरला. म्हणाला, "आण्णा, माझ्यावर विश्वास न्हाई का?"

मी काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, "मामांनी लिहिलं ते बरं केलं. उद्या आपल्यालाही असंच लिहावं लागणार आहे."

मुलाने कागद पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. तो कागद आता कपाटात, काकूंच्या दोन यादींच्या शेजारी ठेवला आहे.